माझा घसा आणि दादाचा कोंबडा

आवाज गेलेल्या माणसाशी सगळं जग कुजबुजत बोलतं. हे मला कोणा डॉक्टरने आधी सांगितलं नव्हतं. घशाच्या कॅन्सरसाठी किरणांचे शेक घेऊन, कोल्हापुरातला मुक्काम आवरून, फोंडाघाट उतरून मी घरी आलो तेव्हा माझ्या गळ्यातून नुसता वारा येत होता. त्या वाऱ्यानेच मी बायकोला म्हटलं, "पाणी दी." तर ती माझ्या कानाशी वाकली आणि घरात चोर शिरल्यासारखी हळूच म्हणाली, "कोमट देव काय गार?" अगो बाये, तुझा घसा धडधाकट आहे ना! पण नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी भांडायचीसुद्धा कुजबुजत.

वाडीतही तोच प्रकार. दुकानदार माझ्याकडे वाकून, कोणीतरी गेल्याच्या सुरात सांगायचा, "तूरडाळ संपली." एसटीचा कंडक्टर बाकी सगळ्यांवर खेकसत यायचा आणि माझ्यापाशी आला की ओठ पुढे काढून, "फुडे सरकान बसा हां." आणि दोघं कुजबुजताना दिसले की तिसरा येऊन कान लावणारच, त्यामुळे मी कुठेही उभा राहिलो की माझ्याभोवती घोळका. मला हसू आवरायचं नाही. हसलो की खोकला यायचा, खोकला आला की बायको पाठीवर थापट्या मारायची, आणि थापट्या मारता मारता तीही हसत सुटायची. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाच्या घरात इतकं हसणं बरं दिसतं का, असं एक पाहुणी म्हणालीदेखील. तेही कुजबुजतच.

ह्याला अपवाद एकच, माझा चुलतभाऊ. वयाने मोठा, म्हणून दादा. आमच्या दोन घरांत फक्त एक कुंपण. दादाचा मुळातला आवाजच असा, की तो अंगणात बोलला तर वेंगुर्ल्याच्या रस्त्यावरून जाणारी माणसं मान वळवून बघतात. माझी फुसफुस ऐकून त्याने काय समजूत करून घेतली कोण जाणे, पण मी बहिराच झालोय अशा थाटात तो दुप्पट ओरडायला लागला. रोज सकाळी कुंपणापाशी यायचा आणि बोंब मारायचा, "काय रे! आवाज इलो काय?"

मी मान हलवून नाही म्हणायचो.

"मगे खंयपर्यंत इलो?"

माझा आवाज म्हणजे जणू घाटात बंद पडलेली एसटी, कुठवर आली विचारायला. पण हा माणूस रोज चौकशी का करतो, ते मला पक्कं ठाऊक होतं. त्याला माझं गाऱ्हाणं हवं होतं.

हे जरा उलगडून सांगायला हवं. दर वर्षी भात कापून, मळणी आटोपली की आमच्या वाडीची राखण असते. वेशीवर सातविणीच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे, तिथे सगळी वाडी जमते. नारळ, विडीकाडी, कोंबडा असा त्याचा मान त्याला द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे वाडीतर्फे एकाने उभं राहून देवाशी खड्या आवाजात बोलायचं. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या मुलीचं जमत नाही, कोणाच्या काजूला मोहोर धरत नाही, सगळं माणसागणिक सांगायचं, आणि प्रत्येक मागण्यापाठी बाकीच्यांनी एका दमात "होय म्हाराजा!" म्हणायचं. माणसांना ऐकू आलं तर ती होय म्हणणार, आणि ती होय म्हणाली तर देव ऐकणार, असा तो मामला. माझ्या वडिलांनंतर हा मान माझ्याकडे आला. पोटासाठी मी पंपाच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून वाइंड करतो, पण वाडीत मला किंमत आहे ती गाऱ्हाण्यामुळे.

त्याचे नियम आहेत. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि कोणी दुसऱ्या कोणासाठी राखणदाराला काही बोललं असेल, नवस म्हणून, तर ते फेडेपर्यंत त्या माणसाच्या कानावर घालायचं नाही, नाहीतर ते फळत नाही. त्यामुळे आमच्याकडे अर्धी वाडी उरलेल्या अर्ध्या वाडीपासून काही ना काही लपवत फिरत असते.

आधीच्या राखणेला मी कोल्हापुरात होतो, मान हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून मशीनखाली आडवा. गाऱ्हाणं दादाने घातलं. आमच्यात मान एकदा दुसऱ्या घरी गेला आणि दुसऱ्या वर्षीही तिथेच राहिला, की तो गेलाच. परत मागायची सोय नाही. म्हणजे येत्या राखणेला मला उभं राहता आलं तर बरं, नाहीतर मी वाडीचा नुसता मोटारवाला. डॉक्टर म्हणाले होते, गाठ गेली, आता आयुष्य आहे. मी मनात म्हणायचो, आयुष्य आहे, पण त्यात बोलायचं कोणी?

एक आशा होती. दादाने गाऱ्हाण्याचे पार तीन तेरा वाजवले होते म्हणे. लोक येऊन माझ्यापाशी रडायचे. "माझ्या बावीच्या पाण्याचा नावच घेवक नाय तेना." "आमच्या चेडवाच्या लग्नाचा तसाच रवला." मला आतून अशा गुदगुल्या व्हायच्या! मी तोंड लांब करून, वाऱ्याने विचारायचो, "मगे बोललो तरी काय तो?" की ही मंडळी एकदम वर कौलांकडे बघायची. "बोललो कायतरी." आणि उठता उठता कुंपणापलीकडे मान करून म्हणायची, "कोंबडो मात्र बरो वाढता हां."

कोंबडा! त्याचं सांगायचंच राहिलं. मी घरी आलो त्याच सुमारास दादाने एक तांबडं पिल्लू आणलं. बाकीची पिल्लं परसात चरत असायची, हे एकटं दादाच्या पायात. त्याला हाताने तांदळाच्या कण्या, सुकटीचा चुरा, असले लाड. बघता बघता त्याला तुरा फुटला, आणि एका पहाटे त्याने कुंपणावर चढून, माझ्या खिडकीकडे तोंड करून अशी बांग दिली की मी अंथरुणात उठून बसलो. माझा आवाज गेला तो बहुतेक त्याच्याच नरड्यात जाऊन बसला होता. वरचा सूर, लांब दम, शेवटाला जराशी लचक, अगदी माझी गाऱ्हाण्याची ढब! मी बायकोला म्हटलं, त्याला सांग, हा कोंबडा मला विकत दे, उद्याच कापतो. तिने कुंपणाशी जाऊन निरोप दिला. दादा गरजला, "तेका कोण हात लावचो नाय! घरातल्यांनी पण नाय!" बायको पदर तोंडाला लावून आत आली आणि चुलीपाशी बसून पोट धरून हसायला लागली. ह्यात इतकं हसण्यासारखं काय, ते मला कळेना.

तोवर माझं आपलं चाललं होतं. तोंडात लाळ नाही, म्हणून पाण्याची बाटली सदा कमरेला. पेजेचा घोट घशाखाली उतरवायचा तर मान खाली घालून, हनुवटी छातीला टेकवून गिळायचं, तसं शिकवलं होतं. कोणी बघितलं तर वाटावं, हा ताटाची माफी मागतोय. बायकोने बांगडे काटे काढून, भाताबरोबर मिक्सरला लावून मला वाटीत दिले. वास बांगड्याचा, रंग सिमेंटचा, चव काहीच नाही. सोलकढीने घशाला आग लागायची. आंबे आले आणि गेले. मी हापूसची फोड तोंडात धरून बसायचो, आणि ओला पुठ्ठा चघळतोय असं वाटायचं. रडूच यायचं खरं सांगायचं तर. मग बायको माझ्या हातातली फोड काढून घ्यायची, स्वतः खायची आणि म्हणायची, "आंबटच आसा, तुमच्या नशिबान सुटलास." साफ खोटं. हनुवटीवरून रस ओघळत असायचा तिच्या.

कुडाळला आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी दरडावल्या, "काका, कुजबुजणं बंद. त्याने घशाला जास्त ताण पडतो. फाटका निघाला तरी चालेल, पण आवाज काढायचा." मग त्यांनी मला बाटलीत पाणी आणि त्यात नळी दिली. नळीतून हुंकार भरत बुडबुडे काढायचे, रोज, सकाळ-संध्याकाळ. साठीचा माणूस मी, वाडीचा गाऱ्हाणंवाला, पडवीत बसून बुडबुडे काढतोय! आणि मी हुंकार भरला रे भरला की कुंपणावरून तो तांबडा नवरदेव मान ताणून मला उत्तर द्यायचा. मी हूं, तो कुकूचकू. मी परत हूं, तो परत कुकूचकू. दादा कुंपणाशी उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघायचा, डोळे बारीक करून. "दोघांचोय घसो सुटतलो आता," म्हणायचा. मला वाटायचं, हा माझी मापं काढतोय.

मुखवट्याचीही एक कथा आहे. शेक संपल्यावर तो माझ्या मापाचा जाळीचा मुखवटा आम्हाला घरी न्यायला दिला होता. नाक माझं, हनुवटी माझी. बायकोने तो परसात वांग्यांच्या वाफ्यात काठीवर लावला, खाली माझा जुना सदरा चढवला, माकडं यायची म्हणून. माकडं खरंच यायची बंद झाली. चाळीस वर्षं तोंड बघून माझ्या बायकोने जे सोसलं ते माकडांना दोन दिवस जमलं नाही, असं ती सगळ्यांना सांगत सुटली.

तर, शेजारची काकी. आमच्यापेक्षा मोठी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. राखण जवळ आली तशी माणसं आपापली मागणी माझ्याकडे आणून देऊ लागली. काकी आली ती परसातून. मी पडवीत बसलो होतो. काकी थेट वांग्यांच्या वाफ्यात जाऊन बुजगावण्यासमोर उभी राहिली आणि त्याला सांगू लागली. "झिला, माझ्या दोळ्यांचा ऑपरेशन करूचा आसा. ता बरा होवं दी म्हणान सांग म्हाराजाक. आणि सुनेक जरा बुद्धी दी म्हणान सांग, पण हळूच." मी इथून जिवाच्या आकांताने हात हलवतोय, वारा सोडतोय. तिला ना दिसत ना ऐकू येत. तिकडे खाऱ्या वाऱ्याने मुखवटा हलला. काकी खूश झाली. त्याच्या सदऱ्याची बाही मायेने चाचपून म्हणाली, "किती बारीक झालस रे मेल्या! बोलू नको, बोलू नको, मान हलवलस ता पुरे." आणि गेली. मी पडवीत आडवा होऊन हसलो. आणि त्या हसण्यात, शप्पथ, मध्येच एक आवाज आला. घोगरा, गंजलेला, पण आवाज! मी हसायचा थांबलो. परत हसून बघितलं. परत आला!

मी धावत घरात गेलो आणि दारातूनच बायकोला हाक मारली, "अगो!" ती आतून म्हणाली, "कोण आसा? बसा हां, घरातले परसात आसत." आणि पदर सावरून, पाहुण्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी एकटाच उभा. तिने माझ्यामागे बघितलं, दाराबाहेर बघितलं. मी म्हटलं, "मीच गो." तिच्या हातातला तांब्या कलंडला. मग ती तिथेच उंबऱ्यावर ओल्यात बसली आणि म्हणाली, "परत बोला." मी काय बोलणार? सुचेना. शेवटी म्हटलं, "तूरडाळ संपली." ती इतकी रडली की तूरडाळीसाठी कोणी रडलं नसेल.

दुसऱ्या सकाळी दादा कुंपणाशी. "खंयपर्यंत इलो?" मी म्हटलं, "दारात इलो." त्याने कोंबड्याला उचलून बगलेत घेतलं, त्याचं वजन केल्यासारखं खालीवर केलं आणि म्हणाला, "मगे राखणेक तूच उभो रव. बोलूक जमांदी, नायतर नुसता तोंड उघड. पण उभो रव." मला राग आला. सगळ्या वाडीसमोर मला उभं करायचं, मी अडखळणार, आणि मग हा पुढे होऊन मान घेणार. बघतोच, म्हटलं. त्या दिवसापासून मी दुप्पट बुडबुडे काढले.

राखणेच्या सकाळी सगळी वाडी सातविणीखाली. पुरुष दगडाभोवती, बाया शेताच्या बांधावर, काकी सगळ्यांच्या पुढे. मी आंघोळ करून, पंचा नेसून, बाटली कमरेला लावून उभा राहिलो. दादा कोंबड्याला घेऊन माझ्या अगदी उजव्या खांद्याशी. आलाच तयारीने, म्हटलं. नारळ ठेवला, उदबत्ती लागली आणि मी तोंड उघडलं.

"बा देवा म्हाराजा…"

आवाज कसला, पाणी नसलेल्या विहिरीत पंप चालू केल्यासारखा खरखराट. पुढच्या ओळीतली माणसं दचकली. पण सवयीची माणसं ती, लगेच गरजली, "होय म्हाराजा!"

"आज जी काय ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत…"

"होय म्हाराजा!"

एवढ्यात घसा कोरडा पडला. मी बाटली काढून घोट घेतला. जरा खंड पडला तर वाडीने ओरडून घेतलं, "होय म्हाराजा!" मी हाताने थांबा म्हटलं. "अरे, पाणी पितंय!" "होय म्हाराजा!" बांधावरच्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या, मलाही हसू फुटलं, ठसका लागला, आणि ठसक्यालाही मागून कोणीतरी भक्तीने होय म्हाराजा केलं. राखणदाराच्या दगडाला जर हसता येत असेल तर तो त्या दिवशी हसला असणार.

पण मागण्या सुरू झाल्या तसा आवाज बारीक होत गेला. बाव झाली, चेडवाचं लग्न झालं, काजू झाले. मागची माणसं माना ताणायला लागली, "काय म्हणता? काय म्हणता?" संपलं, म्हटलं. आणि तेवढ्यात उजव्या कानाशी तोफ सुटली. मी जे खरखरलो होतो तेच, शब्द न शब्द, दादा साऱ्या शेताला ऐकू जाईल असं ओरडला. पदरचं काही घातलं नाही. मी पुढचं खरखरलो, तो पुढचं ओरडला. मी काकीच्या डोळ्यांचं ऑपरेशन मागितलं, त्याने ते डोंगरापर्यंत पोचवलं. काकीच्या सुनेची बुद्धी मी अगदी हळूच पुटपुटलो. दादाने तीही डोंगरापर्यंत पोचवली. सून बांधावरच उभी होती. "होय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने तीच म्हणाली.

सगळ्यांचं झालं. आता रिवाजाचा शेवटचा प्रश्न राहिला. मी विचारलं, "फेड कोणाची आसा?" बोललेलं फळलं असेल त्याने पुढे येऊन मान द्यायचा, आणि तो कशाबद्दल, ते गाऱ्हाणं घालणाऱ्याने देवाला सांगायचं.

दादा पुढे झाला. कोंबडा दोन्ही हातांत. "माझी."

"कोणासाठी?" मी रिवाजाप्रमाणे विचारलं.

तो माझ्याकडे बघेना. दगडाकडे बघत म्हणाला, "ह्या भावासाठी. गेल्या साली बोललंय, म्हाराजा, तेका हंय परत उभो कर. तेना नुसता तोंड उघडल्यान तरी माझो कोंबडो तुका. आणि गाऱ्हाणा तेचाच. माका नको."

मला काही समजेना. मी मूर्खासारखं विचारलं, "आणि बाकीच्यांचा?"

"बाकीच्यांचा काय नाय!" माझ्या पाठीमागून काकी ओरडली. "इतक्याच बोललो आणि रडाक लागलो मेलो. आमी होय म्हाराजा म्हटला आणि घराक गेलो."

मी वळून वाडीकडे बघितलं. बाव राहिलेला, चेडवाचं राहिलेलं, सगळे तिथे उभे, कौलांकडे बघायची ती नजर आता सातविणीच्या शेंड्याकडे. बायको पदर तोंडाला लावून. म्हणजे सगळ्या वाडीला माहीत होतं, वर्षभर. तो कोंबडा माझ्या नाकासमोर माझ्यासाठीच वाढत होता, आणि माझ्या आवाजाची रोज सकाळी चौकशी करणारा माणूस मागितलेलं कुठवर आलं ते बघत होता. इतकं प्रेम मला पेलवेना, खरंच पेलवेना.

आता ते देवाला सांगायचं काम माझं होतं. जन्मात कधी गाऱ्हाण्यात मी माझं काही बोललो नव्हतो. मी दगडाकडे तोंड केलं, तोंड उघडलं. "बा म्हाराजा, ह्या लेकरान आपल्या भावासाठी…" आणि पुढे काही येईना. घशाचा दोष नव्हता. घसा त्या दिवशी चांगला चालत होता. बाटलीचाही उपयोग नव्हता. मी नुसता उभा, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी. कोंबडासुद्धा गप्प.

वाडीने वाट बघितली. मग माझं जे बोलणं झालंच नव्हतं त्याला सगळे मिळून गरजले, "होय म्हाराजा!"

माझ्या खांद्याशी उभा असलेला दादा त्यांच्यात ओरडला नाही. वेंगुर्ल्याच्या रस्त्यापर्यंत जाणारा त्याचा आवाज त्याने कधी नव्हे तो इतका खाली आणला, की फक्त मलाच ऐकू आलं.

"होय म्हाराजा," तो म्हणाला.